आप्पांच्या डिस्चार्ज बुकातली माय

पोळ्यानंतर आप्पांची पत्र्याची पेटी उघडली. तळाशी डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून निवृत्त होताना मिळालेली सेवेच्या नोंदींची वही. १९७१ च्या लढाईत ते पश्चिम आघाडीवर होते, पण पदकांच्या रकान्यात फक्त संग्राम मेडल. पश्चिमी स्टारची नोंदच नाही. स्टार मात्र त्याच पेटीत, रुमालात बांधलेला!

त्याहून मोठी चूक मायच्या नावात. आपल्याकडे लग्नात पोरीचं नाव बदलतात. पलटणीत नोंद झाली माहेरच्या नावाची. आधारवर, बँकेत सासरचं. वाचून दाखवलं तर माय म्हणाली, "हाई नाव ते मना बापनी ठेवेल शे." आप्पा ऐंशीच्या घरात. त्यांच्या माघारी कुटुंब निवृत्तीवेतनासाठी ही दोन्ही नावं आपलीच, हे तिला एकटीला सिद्ध करत बसावं लागलं असतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

जळगावच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज लिहायला मदत मिळाली. प्रतिज्ञापत्र, दोघांचा एकत्र फोटो, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), डिस्चार्ज बुकाच्या पानन् पानाची झेरॉक्स. सगळं रजिस्टर पोस्टाने सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला. पहिला अर्ज परत आला. प्रतिज्ञापत्रात एक इंग्रजी अक्षर आधारपेक्षा वेगळं होतं, एवढ्यासाठी. पुन्हा पाठवला. आधी तिथून पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंदीतल्या बदलाचा आदेश निघतो, मग प्रयागराजच्या संरक्षण पेन्शन कार्यालयातून सुधारित पीपीओ.

संरक्षण खात्याच्या पेन्शनच्या स्पर्श पोर्टलवर आता मायचं नाव बरोबर दिसतं. स्टारच्या नोंदीचा अर्ज अजून चालू आहे. आप्पांनी तो पुसून देव्हाऱ्यापाशी ठेवलाय.