'तुझी गोष्ट आली की थांबव': अबेओकुटा ते इले-इफे

नायजेरियाचं साहित्य म्हटलं की आपल्याकडे पहिलं नाव निघतं ते चिनुआ अचेबे यांचं. ते इग्बो, म्हणजे नायजर नदीच्या पूर्वेकडचे. मी लागोसला राहते. हा नदीच्या अलीकडचा, देशाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातला योरुबांचा मुलूख. इथे आल्यापासून एक गोष्ट मनात घोळत होती. ज्या भाषेतलं एवढं मोठं काव्य शतकानुशतकं फक्त पाठांतरावर टिकलं, ते आज कुठे आणि कसं ऐकायला मिळतं? सुट्टी मिळाली तशी बॅग भरली आणि निघाले.

लागोस ते इबादान ही नवी रेल्वे 2021 मध्ये सुरू झाली. गाडी स्वच्छ, वातानुकूलित आणि रस्त्यावरच्या कोंडीपेक्षा कितीतरी सुखाची. वाटेत अबेओकुटा लागतं. या स्थानकाला वोले शोयिंका यांचं नाव दिलं आहे. साहित्याचं नोबेल मिळवणारे ते पहिले आफ्रिकी लेखक (1986) आणि जन्म याच गावातला, 1934 चा. जिवंत लेखकाच्या नावाच्या फलाटावर उतरताना मला मनापासून आनंद झाला. गाव तसं फार जुनं नाही. एकोणिसाव्या शतकातल्या लढायांत विस्थापित झालेले एग्बा लोक 1830 च्या सुमारास ओलुमो नावाच्या प्रचंड खडकाच्या आडोशाला येऊन राहिले, तेव्हा ते वसलं. योरुबा भाषेतलं पहिलं वृत्तपत्र 1859 मध्ये इथूनच निघालं.

ओलुमोवर सगळेच जातात, मीही गेले. वरून गंजलेल्या पत्र्यांची लाल-तपकिरी छपरं क्षितिजापर्यंत दिसतात. पण मी रेंगाळले ते खाली इटोकू बाजारात. तिथे आदिरे मिळतं, निळीत रंगवलेलं सुती कापड. एका मागच्या अंगणात एक आजी कसाव्याच्या पिठाची खळ घेऊन बसल्या होत्या. हातात कोंबडीचं पीस. पिसाचं टोक खळीत बुडवून त्या पांढऱ्या कापडावर चौकोन पाडत आणि प्रत्येक चौकोनात वेगळी नक्षी भरत, तीही आधी रेघ न मारता. खळ वाळली की कापड निळीत पुन्हापुन्हा बुडवायचं, शेवटी खळ धुऊन काढायची. खळीखालची नक्षी फिकट राहते, बाकी सगळं गर्द निळं होतं. नक्ष्यांना नावं आहेत, त्यांचे अर्थ आहेत. एका नक्षीत इबादानच्या सभागृहाचे खांब, दुसरीत समुद्रदेवता ओलोकुन. आता बाजारातलं बरंचसं कापड मेणाचं आणि रासायनिक रंगाचं असतं. पिसानं काढणारे हात कमी होत चालले आहेत, याचं वाईट वाटतं.

इबादानला फक्त जेवले. याम नावाच्या कंदाच्या पिठाचा काळसर आमाला, वर एवेडूची बुळबुळीत पालेभाजी आणि चवळीसारख्या कडधान्याची पिवळी गबेगिरी. हातानं खायचं. मग टॅक्सीनं ओशोग्बो.

ओशोग्बोला ओशुन नदीकाठी सुमारे 75 हेक्टरांची देवराई आहे. 2005 पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. पूर्वी योरुबांच्या बहुतेक गावांबाहेर अशी राई असे. आता एवढी मोठी जवळजवळ हीच उरली. ती वाचली त्याची गोष्ट विलक्षण आहे. सुझान वेंगर ही ऑस्ट्रियातली चित्रकार 1950 मध्ये नायजेरियात आली, आजारातून उठली, ओबाताला देवाची दीक्षा घेतली आणि पुढे ओशोग्बोचीच झाली. लाकूडतोड, शिकार, जमिनींची विक्री असं सगळं या राईवर चालून येत होतं. तिनं स्थानिक गवंडी, सुतार आणि कलावंतांना हाताशी धरून पडकी देवळं उभी केली आणि झाडांमधून माती-सिमेंटच्या अवाढव्य मूर्ती उभारल्या. 2009 मध्ये ती इथेच वारली. बाहेरून आलेल्या बाईनं देवांना नवी रूपं दिली, यावर आक्षेप घेणारे आहेत. मला स्वतःला वाटतं, त्या गवंड्यांचे हात त्या मूर्तींत इतके उघड दिसतात की त्या परक्या वाटत नाहीत.

गावाच्या जन्माची कथा वाटाड्यानं नदीकाठीच सांगितली. पाण्याच्या शोधात आलेल्या लोकांनी इथे झाड तोडलं. ते नदीत कोसळलं आणि पाण्यातून आवाज आला, 'माझी निळीची मडकी फोडलीत!' ओशुन देवी रंगारीण होती. तिच्याशी करार झाला, लोक थोडे वर सरकून वसले, आणि गाव निळीच्या रंगकामासाठी नावाजलं गेलं. दर ऑगस्टच्या जत्रेत तो करार नव्यानं होतो. आरुग्बा नावाची कुमारिका डोक्यावर पूजेचं साहित्य घेऊन राजवाड्यापासून नदीपर्यंत चालते आणि तिच्या मागे सारं गाव असतं. नदी मात्र मला गढूळ, तपकिरी दिसली. वरच्या अंगाला सोन्याच्या बेकायदा खाणी चालतात, त्यांचा गाळ इथवर येतो. तीर्थ म्हणून हे पाणी पिऊ नका, असं सरकारला सांगावं लागलं आहे. देवीची मडकी पुन्हा फुटताहेत, हे तिथे उभं राहिल्यावर कोणालाही दिसेल.

ओशोग्बोहून इले-इफे तासाभराच्या अंतरावर. योरुबांच्या श्रद्धेप्रमाणे सृष्टीची सुरुवात इथे झाली. त्यांचा मूळपुरुष ओडुडुवा साखळीनं आभाळातून उतरला, पाण्यावर वाळू टाकली, पाच बोटांच्या कोंबडीनं ती पसरवली आणि जमीन झाली. गावात ओरानमियान या जुन्या राजपुत्राच्या नावाचा ग्रॅनाइटचा खांब आहे, साडेपाच मीटरच्या आसपास उंच, अंगावर लोखंडी खिळे ठोकलेले. 1938 मध्ये राजवाड्याजवळ घराचा पाया खणताना इथे धातूत ओतलेली माणसांची मस्तकं सापडली. ती इतकी सजीव आहेत की, आफ्रिकी माणूस हे घडवू शकेल यावर युरोपातल्या अनेकांचा विश्वास बसेना. त्याआधी 1910 मध्ये लिओ फ्रोबेनियस या जर्मन संशोधकांनी इफेची शिल्पं पाहिली तेव्हा त्यांना दंतकथेतलं, समुद्रात हरवलेलं अटलांटिस आठवलं होतं. समोर उभे असलेले लोक त्या कलाकारांचे वंशज आहेत, हे मात्र सुचलं नाही.

मी आले होते ती इफासाठी. इफा म्हणजे योरुबांची भविष्य पाहण्याची पद्धत, असं सांगितलं तर ते फार थोडं सांगितल्यासारखं होईल. तो एक अफाट काव्यसंग्रह आहे आणि तो बाबालावोंच्या, म्हणजे इफाच्या पुरोहितांच्या डोक्यात राहतो. ओळखीच्या प्राध्यापिकेनं मला एका वयस्क बाबालावोंकडे नेलं. चटईवर बसले. माझा प्रश्न काय, हे त्यांनी मला विचारलंच नाही. एक नोट हातात घ्यायला सांगितली, माझा प्रश्न मनातल्या मनात त्या नोटेला सांगायला लावला आणि नोट ओपेलेशेजारी ठेवली. ओपेले ही आठ अर्ध्या कवचांची साखळी. मधोमध धरून टाकली की चार कवचं उजवीकडे, चार डावीकडे पडतात. प्रत्येक कवच एकतर पालथं किंवा उताणं. दोन शक्यता, आठ जागा, म्हणजे 256 आकृत्या. प्रत्येक आकृतीला ओडू म्हणतात. त्यांतले 16 प्रमुख. आणि प्रत्येक ओडूखाली कवनांची मोठी रास.

साखळी पडली. त्यांनी लाकडी तबकातल्या पिवळसर भुकटीवर बोटानं रेघा ओढल्या आणि म्हणायला सुरुवात केली. कवनांची रचना हळूहळू कळत गेली. आधी जुन्या काळातल्या बाबालावोंची नावं, मग त्यांनी कोणासाठी इफा पाहिला, त्याची अडचण काय, त्याला कोणता नैवेद्य सांगितला, त्यानं ऐकलं की नाही, पुढे काय झालं. गिऱ्हाईक कधी राजा असतो, कधी कासव, कधी झाड. प्राध्यापिका कानाशी अर्थ सांगत होत्या. म्हातारबाबा मध्येच थांबून माझ्याकडे बघून म्हणाले, 'तुझी गोष्ट आली की थांबव.'

माझा प्रश्न त्यांना ठाऊक नव्हता, तो ठाऊक असणं अपेक्षितही नसतं. ते एकामागून एक कवनं म्हणत जातात आणि ऐकणाऱ्यानं आपली ओळखायची. अर्थ लावायचा अधिकार ऐकणाऱ्याकडे. साहित्याचा याहून मोठा सन्मान मी कुठे पाहिलेला नाही. तिसऱ्या की चौथ्या कवनात एक बाई बाजारात जागा मिळावी म्हणून दूर गावी जाते. मी हात वर केला.

हे शिकायला लहानपणापासून दहा-बारा वर्षं गुरूकडे राहावं लागतं. अंगणात एक शिष्य बसला होता. चुकला की आतून नुसता खाकरण्याचा आवाज येई आणि तो ओळ पुन्हा धरी. इफेच्याच विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले वांडे आबिंबोला हे स्वतः बाबालावो. त्यांच्यासारख्यांनी ही कवनं लिहून काढली, 2005 मध्ये युनेस्कोनंही दखल घेतली. कागदावर आली हे उत्तमच झालं. तरी खाकरणारा गुरू कागदावर येत नाही.

परतताना इबादानला त्याच प्राध्यापिकांच्या भाचीचं लग्न होतं. वऱ्हाडी बायका एकाच छापाच्या कापडात, डोक्यावर 'गेले' नावाचे ताठ फेटे बांधलेले. डमरूच्या आकाराचा दुन्दुन घेऊन वादक टेबलाटेबलावर फिरत होते. योरुबा बोलताना आवाजाचे तीन सूर लागतात, उंच, मधला आणि खालचा, शब्दाचा अर्थ त्यावर ठरतो, आणि ढोलाच्या दोऱ्या काखेत दाबून वादक तेच सूर काढतो. त्यामुळे ढोल खरोखर बोलतो आणि इथल्या लोकांना तो कळतो. तो म्हणत असतो ओरिकी, घराण्याची बिरुदावली. पूर्वजांचे पराक्रम, मूळ गाव, धंदा, आणि एखाद्या पणजोबाची फजितीसुद्धा त्यात येते. ती गाळत नाहीत. नवरीची आत्या स्वतःच्या माहेरची ओरिकी ऐकून उभी राहिली आणि डोळे पुसत नाचली. आपल्याकडे जात्यावरच्या ओवीत माहेर येतं ना, तसंच.

वादक माझ्यापुढे आला. यजमानीणबाईंनी त्याला काहीतरी सांगितलं. त्यानं मला वडिलांचं नाव विचारलं, मग आजोबांचं, मग गाव कोणतं आणि गावात काय पिकतं. मी सांगितलं, 'आंबा.' तो हसला आणि ढोल सुरू झाला. टेबलावरच्या चार जणी त्यातलं काहीतरी ओळखून ओरडल्या, टाळ्या पडल्या. आंबा आला म्हणे, समुद्रही आला. वादकाच्या कपाळावर नोटा चिकटवायची इथली जुनी रीत, पण नोटांची अशी उधळण आता गुन्हा आहे, 2024 मध्ये काहींना तुरुंगही झाला. म्हणून मी नोटा त्याच्या खांद्यावरच्या पिशवीत टाकल्या. तो पुढच्या टेबलाकडे वळला आणि तिथल्या आजोबांना त्यांच्या आजोबांबद्दल सांगायला लागला.