सूट कोण देतंय आणि कधी?

फ्रेंच सुपरमार्केटची ऑफरची पत्रकं इंग्रजीत करायचं काम माझ्याकडे येतं, तेव्हा ओळखीच्यांना वाटतं की यात काय मोठंसं! चीज, वाइन, किंमत, टक्के. मला मात्र कादंबरीपेक्षा या पत्रकाची धास्ती जास्त असते. कादंबरीत एखादं वाक्य फसलं तर वाचक नाक मुरडेल. पत्रकात फसलं तर फ्रान्सच्या दोर्दोन्य भागात स्थायिक झालेली एखादी निवृत्त इंग्रज बाई काउंटरवर जास्त पैसे मोजून घरी जाईल, आणि तिला पत्ताही लागणार नाही.

म्हणून प्रत्येक ओळीला मी आधी दोन प्रश्न विचारते. ही सूट देतंय कोण? आणि ती हातात कधी पडणार?

समजा, कॉफीचं 250 ग्रॅमचं पाकीट आहे. रंगीत चौकटीत ठसठशीत आकडा: 2,66 युरो. बाजूला बारीक अक्षरांत 'प्री पेये आं केस', म्हणजे काउंटरवर द्यायची किंमत: 3,80 युरो. त्याहून बारीक, किलोचा भाव: 15,20. (दशांशाला तिथे स्वल्पविराम देतात. इंग्रजीत जाताना प्रत्येक ठिकाणी टिंब करायचं, आणि मी ते एकेक आकडा बोट ठेवून तपासते.) मधले 1,14 युरो, म्हणजे 30 टक्के, दुकानाच्या कार्डावर जमा होतात. कार्डातल्या त्या साठ्याला 'कान्योत' म्हणतात आणि तो पुढच्या खरेदीला वापरायचा. म्हणजे चौकटीतला मोठा आकडा त्या दिवशी कोणीच देत नाही. इंग्रजीत 'आता फक्त 2.66' असं गेलं, तर ते सरळसरळ खोटं आहे. मी आधी काउंटरवर द्यायची रक्कम लिहिते, मग कार्डावर काय जमा होणार ते. डिझाइनवाले म्हणतात, ओळ लांब होते. होऊ दे. 'रमीझ इमेदियात' असेल तर गोष्ट वेगळी, ती सूट बिलातून तिथल्या तिथे कमी होते. डिस्काउंट आणि कॅशबॅक यांतला फरक मुंबईत आता शाळकरी पोरांनाही कळतो, त्यामुळे इथल्या वाचकाला हे समजवायला वेळ लागत नाही.

सूट कोण देतंय, हा प्रश्न जास्त खोल आहे. आपल्याकडे कंपनीचा सेल्समन वाण्याला 'स्कीम' देतो. बारा डबे घेतले की एक डबा वर. ती स्कीम गिऱ्हाइकापर्यंत पोचेलच असं नाही, बऱ्याचदा ती वाण्याच्याच नफ्यात जमा होते. फ्रान्समध्ये व्यापारातले लोक 'निप' नावाच्या सवलतींबद्दल बोलतात. त्यांत कंपनी गिऱ्हाइकाला फायदा देते आणि दुकानदार तो फक्त पोचवतो. इंग्रजीत या दोन्हींना एकच गुळमुळीत शब्द लावला की पैसे कोणाचे हेच कळेनासं होतं. गिऱ्हाइकाच्या पत्रकात 'निप' हा शब्द सहसा येत नाही, पण पुरवठादारांशी होणाऱ्या करारांत येतो, आणि त्या करारांचं भाषांतरही आम्हीच करतो.

आता 'एकावर एक फ्री'. दादरपासून कल्याणपर्यंत कुठल्याही मोठ्या दुकानात जा, बिस्किटांपासून नूडल्सपर्यंत ही पाटी दिसणारच. फ्रान्समध्ये खाण्याच्या वस्तूंवर ती लावता येत नाही. 2018 साली तिथे 'एगालिम' कायदा झाला. शेतकऱ्याला त्याच्या मालाचा दाम मिळावा आणि दुकानांच्या भावयुद्धात तो भरडला जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. 2019 पासून खाद्यपदार्थांवर 34 टक्क्यांहून जास्त सूट देता येत नाही, आणि वर्षभराच्या मालापैकी साधारण चौथा हिस्साच अशा ऑफरमध्ये विकता येतो. एकावर एक म्हणजे 50 टक्के, ते बसत नाही. दोनावर एक म्हणजे 33.3 टक्के, ते बसतं. दुसरा नग अर्ध्या किमतीत असेल तर दोन्हींवर मिळून 25 टक्के, तेही बसतं. मार्च 2024 मध्ये साबण, शाम्पू, कपडे धुण्याची पावडर यांनाही हाच नियम लागू झाला होता, 2025 मध्ये त्यांच्यापुरता तो थोडा सैल झाला. ही गणितं डोक्यात असली की 'दोनावर एक' अशी ओळ मी घाईघाईत 'एकावर एक' करून टाकणार नाही, आणि दुसऱ्या कोणी केली तर ती चटकन खटकेल.

एमआरपीचं नेहमी विचारतात. 'प्री कॉंसेये'ला, म्हणजे कंपनीने सुचवलेल्या भावाला, एमआरपी म्हणू नये. आपल्याकडे पाकिटावर सर्व करांसहित कमाल किंमत छापणं कायद्याने बंधनकारक आहे. तिथे कंपनी फक्त भाव सुचवते, विकायचा भाव दुकानदार ठरवतो.

या कामातला मला सगळ्यात आवडलेला मजकूर मात्र कुठल्याच ऑफरचा नाही. 1 जुलै 2024 पासून फ्रान्समध्ये 400 चौरस मीटरहून मोठ्या दुकानांना एक पाटी लावावी लागते. एखाद्या वस्तूचं वजन कमी झालं आणि किलोचा भाव वाढला, की त्या वस्तूजवळच दोन महिने लिहून ठेवायचं: आधी इतकं होतं, आता इतकं आहे, आणि किलोमागे भाव इतका वाढला. त्याचं इंग्रजी करताना मी एकही गोड शब्द घातला नाही, मूळ पाटीतही तो नाही.

आपल्याकडे पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा वर्षानुवर्षं पाच रुपयांचाच आहे, ग्रॅम तेवढे कमी होत गेले. पुड्यावर वजन छापलेलं असतं, पण आधी किती होतं ते कुठेच नसतं. तो पुडा घेणाऱ्या बाईच्या घरी मुलं तीन असतील आणि बिस्किटं पूर्वीसारखी पुरत नसतील, तर ती मुलांनाच बोलते. तसली पाटी आपल्या मोठ्या दुकानांत लागायला हवी, मराठीत आणि मोठ्या अक्षरांत. मसुदा कोणाला हवा असेल तर मी तो फुकट करून देईन.