वीसपैकी अकरा

जुन्या रेकॉर्ड्स डिजिटल करून देणं हे माझं काम. एके दिवशी एक वयस्क गृहस्थ एलपी घेऊन आले. "कॉपी करा, पण संगणकात गेलं की गाण्यातला जीव जातो. याचीच सीडी आहे माझ्याकडे, दोन मिनिटं ऐकवत नाही."

मी वाद घातला नाही. रेकॉर्ड पुसली, सुई टेकवली आणि हेडफोनला दोन वाटा जोडल्या. एक थेट. दुसऱ्या वाटेने तोच आवाज त्याच क्षणी सीडीच्या दर्जाचा, म्हणजे सेकंदाला आवाजाची 44,100 मापं (नमुने) आणि प्रत्येक मापाला 16 बिट, डिजिटल होऊन परत येत होता. दोन्हींची पातळी मोजून सारखी केली. याला मी फार जपतो, कारण किंचित मोठा आवाज कानाला उगाचच जास्त चांगला वाटतो. कोणती वाट चालू आहे ते त्यांना दिसत नव्हतं.

वीस वेळा विचारलं. अकरा उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी साधारण तेवढीच आली असती.

ते गप्प झाले. मला वाईट वाटलं, कारण सीडीबद्दलची त्यांची तक्रार खरी असणार याची मला खात्री होती. सीडी पिशवीत होतीच. रेकॉर्ड आणि सीडी, दोन्हींच्या आवाजाचे आलेख एकाखाली एक उघडले. रेकॉर्डमध्ये तालाचा प्रत्येक ठोका सुळक्यासारखा वर जात होता. सीडीत सगळे सुळके एका रेषेत छाटलेले. नव्याने मास्टरिंग, म्हणजे प्रती काढण्याआधीची आवाजाची शेवटची जुळवणी, करताना कुणीतरी हळू-मोठं सगळं सारखंच मोठं केलं होतं. 16 बिटांत सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजामध्ये सुमारे 96 डेसिबलची जागा असते, रेकॉर्डमध्ये जेमतेम 60-70. एवढी जागा मिळूनही ती वापरलीच नव्हती! रेकॉर्डवर आवाज असा चढवत नेला की खाचा रुंद होतात आणि एका बाजूवर कमी मिनिटं मावतात, त्यामुळे तिथे हात राखूनच काम करावं लागतं.

"म्हणजे माझे कान चुकले नाहीत," ते म्हणाले. अजिबात नाही. दोष फक्त भलत्याच्या माथी मारला गेला होता.

मग कॉपी सुरू केली. पूर्ण बाजू ते मांडीवर कव्हर घेऊन ऐकत बसले. शेवटच्या गाण्यात 'स' जरा फाटत होता. आतल्या वर्तुळात सुईखालून खाच सरकण्याचा वेग सेकंदाला 51 सेंटीमीटरवरून 21च्या आसपास येतो, त्याचा हा परिणाम. त्यांनी मान हलवली, तक्रार केली नाही.

निघताना म्हणाले, "खरखर काढायची तर काढा. आवाज मात्र वाढवू नका."