अल्गोलची वेळ: पुरानंतरची निरीक्षण-नोंद

मंडळी, मधे मोठा खंड पडला. नदी घरात शिरली, खालचा मजला गेला, आणि आम्ही शहर सोडून उंचावरच्या एका खेड्यात राहायला आलो. पुराचं पुराण इथे लावत नाही. उपकरणांचं काय झालं आणि आता काय बघतेय, तेवढंच लिहिते.

आधी आठ इंची डॉब्सोनियन, म्हणजे फिरत्या लाकडी बैठकीवरची आरशाची दुर्बीण. ती जिन्याखाली उभी होती, त्यामुळे पूर्ण बुडाली. बैठकीचा पार्टिकल बोर्ड फुगून त्याचे पापुद्रे सुटले होते, तो टाकूनच दिला. नळी पत्र्याची, ती धुऊन निघाली. खरा प्रश्न आरशाचा होता. त्यावर गाळ बसून वाळला होता. गाळात वाळूचे बारीक कण असतात आणि आरशावरचा अॅल्युमिनियमचा थर असतो साधारण मिलिमीटरचा दहा हजारावा भाग. तेव्हा पुसणं हा विषयच डोक्यातून काढून टाकायचा. टबात तळाला टॉवेल अंथरला, कोमट पाण्यात आरसा बुडवून ठेवला, पाणी गढूळ झालं की बदललं, पुन्हा बुडवला. गाळ आपण होऊन सुटेपर्यंत बोट लावलं नाही. मग साबणाचे एक-दोन थेंब आणि कापसाचे बोळे. बोळा दाबायचा नाही, त्याच्या स्वतःच्या वजनाने हलकेच ओढायचा आणि एकदा फिरवला की फेकायचा. शेवटी डिस्टिल्ड वॉटरने धुऊन आरसा तिरका उभा करून वाळवला.

मागून टॉर्च धरली की थरात सुईच्या टोकाएवढी भोकं चमकतात, एका कडेला तर झुबकाच आहे. पण या सगळ्या भोकांचं मिळून क्षेत्रफळ आरशाच्या मानाने किरकोळ असतं, प्रकाशात डोळ्यांना जाणवेल असा फरक पडत नाही. नवा थर चढवायची मला तरी घाई नाही. नेत्रिकांच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगनळ्यांच्या, बाबतीत नशीब अर्धंच उघडलं. दहा मिलिमीटरची वाचली. पंचवीसच्या आत, दोन भिंगांच्या मधे, बुरशीचं जाळं धरलंय. बुरशी लेपन खाते, त्यामुळे उघडून साफ केली तरी डाग राहणारच. द्विनेत्री दुर्बीण (१०×५०) वरच्या मजल्यावर होती, तिला काहीही झालेलं नाही. सध्या सगळा कारभार तिच्यावर आणि नुसत्या डोळ्यांवर चाललाय.

आता आकाश. जॉन बॉर्टल यांनी २००१ साली मांडलेली आकाशाच्या अंधाराची एक ते नऊची मोजपट्टी तुम्हाला पाठ असेल: एक म्हणजे सर्वांत काळं आकाश, नऊ म्हणजे शहराचं. जुन्या गच्चीवरून मी सात म्हणायचे, तेही मन मोठं करून. इथे तीन आणि चारच्या मधे कुठेतरी. देवयानी दीर्घिका सहज दिसते, तिचं कौतुक राहिलं नाही. त्रिकोण तारकासमूहातली एम ३३ दीर्घिका मात्र नुसत्या डोळ्यांनी दिसली तेव्हा मी मुद्दाम दुसरीकडे बघून, पुन्हा नजर तिरपी करून, खात्री करून घेतली. ५.७ प्रतीची ती (प्रतीचा आकडा जितका मोठा तितकं तेज कमी), पण तेज इतकं पसरलेलं की शहरात द्विनेत्रीतूनही नाकी नऊ यायचे. पहाटे पूर्वेला राशीचक्रीय प्रकाशाचा, म्हणजे ग्रहांमधल्या धुळीवरून विखुरलेल्या सूर्यप्रकाशाचा, तिरका पट्टाही एकदा स्पष्ट दिसला. आधी मला ती गावापलीकडच्या दिव्यांची झळाळी वाटली, पण त्या दिशेला गावच नाही!

हे वाचून कुणी म्हणेल, चला, सुटलीस एकदाची. गावाकडची शांतता, काळंभोर आकाश, अजून काय हवं? सुरुवातीला तसं अजिबात नव्हतं. पुराच्या रात्री वीज आधी गेली आणि पाणी नंतर आलं. ते दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. इथे आल्यावर अंधार आणि पाण्याचा आवाज या दोन्ही गोष्टी रोजच्याच. शेजारच्या शेतात रात्री पाणी सोडतात. पाटात पाणी पडल्याचा आवाज आला की मी अंथरुणातून उठून उंबऱ्यापर्यंत जायचे आणि फरशीला हात लावून बघायचे. शेजाऱ्यांच्या अंगणात रात्रभर एक मोठा दिवा जळतो. आपल्यातला कुणीही पहिल्याच दिवशी तो बंद करायची विनंती करायला गेला असता. मी गेले नाही, उलट त्याच्या उजेडात खुर्ची टाकून बसायचे. डोळ्यांतल्या दंडपेशी अंधाराला पूर्ण सरावायला अर्धा तास तरी लागतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मला तो सराव नकोच होता.

यातून वाट निघाली ती अल्गोल या ताऱ्यामुळे. सुंदर दृश्याने हे काम झालं नसतं असं माझं मत आहे, कारण सुंदर दृश्य बघताना मन मोकळं असतं आणि मोकळं मन कुठे जायचं तिथे जातंच. रूपविकारी, म्हणजे तेज बदलणारा, तारा तेवढी सवड देत नाही. समोर ठरावीक प्रश्न असतो आणि घड्याळ चालू असतं.

नव्यांसाठी थोडक्यात: ययाती तारकासमूहातला अल्गोल हा ग्रहणकारी तारा. मंद जोडीदार तेजस्वी ताऱ्याच्या पुढून जातो आणि २.१ प्रतीचा तारा ३.४ पर्यंत उतरतो. ही फेरी दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी. उतरून पुन्हा चढायला मिळून जवळजवळ दहा तास लागतात. ग्रहणासारखं काहीतरी घडत असावं ही कल्पना जॉन गुडरिकने १७८३ मध्ये मांडली, वय तेव्हा अठराच्या आसपास. हा मुलगा बहिरा होता. पाटाच्या आवाजाने दचकणाऱ्या मला ते अधूनमधून आठवतं.

मोजायची पद्धत अशी. एक तुलनातारा अल्गोलपेक्षा ठळक घ्यायचा, एक फिका. देवयानीतला गॅमा म्हणजे अल्माक २.१, ययातीतला एप्सिलॉन २.९, डेल्टा ३.०, त्रिकोणातला अल्फा ३.४, ययातीतला कप्पा ३.८. दोघांमधल्या अंतराचे मनातल्या मनात भाग पाडायचे आणि अल्गोल कितव्या भागावर बसतो ते ठरवायचं. आणि हो, शेजारच्या ऱ्होला तुलनेसाठी धरू नका, तो स्वतःच रूपविकारी आहे. वजन करायला निघालो आणि मापच हलतंय, अशी गत व्हायची.

एका रात्री अल्गोल सर्वांत मंद होण्याची वेळ १२.२० ला येणार होती. वहीतून जशीच्या तशी नोंद:

९.०० – अल्माकपेक्षा मंद, एप्सिलॉनपेक्षा बराच ठळक. २.४
१०.३० – एप्सिलॉनच्या बरोबरीला. २.९
११.३० – डेल्टापेक्षा उघड मंद. ३.२. पाटात पाणी सुटलं.
१२.२० – त्रिकोणातल्या अल्फाएवढा. ३.४
२.०० – पुन्हा एप्सिलॉनजवळ. २.९

साडेअकराच्या ओळीकडे बघा. पाणी सुटल्याचं लिहिलंय, पण मी उठले नाही. कारण उठून घरात गेले असते तर दिव्याने डोळे बिघडले असते आणि बाराचं निरीक्षण हातचं गेलं असतं. इतकं साधं, व्यवहारी कारण. धैर्य वगैरे काही नव्हतं. अंधारात काहीतरी कमी कमी होत जात होतं, आणि ते कधी थांबेल, कधी परत वर येईल, हे मला आधीपासून ठाऊक होतं. असं अंधारात बसणं मला जमतं, हे त्या रात्री पहिल्यांदा कळलं.

तेव्हापासून खुर्ची घराच्या मागच्या बाजूला गेली. शेजाऱ्यांचा दिवा अजून जळतोच, फक्त आता मधे दोरीवर जाड चादर टाकते. काकूंनी एकदा विचारलं, "रोज एवढं बघतेस तरी काय गं?" त्यांना अल्गोल दाखवला आणि अंगणात परत येऊन दोन तासांनी पुन्हा बघा म्हटलं. त्या आल्या. "अगं, हा तर उतरला की!" इथल्या माझ्या निरीक्षणाला मिळालेली ही पहिली स्वतंत्र पुष्टी.

अल्गोल सर्वांत मंद होण्याच्या लागोपाठच्या वेळा तीन दिवसांनी साधारण तीन तास अकरा मिनिटं आधी येतात, म्हणजे एक पहाटे मिळाली तर पुढच्या एक-दोन सोयीच्या वेळी सापडतात आणि मग मालिका दिवसात घुसते. या रिकाम्या काळासाठी वृषपर्वातला डेल्टा हा दुसरा रूपविकारी तारा घेतलाय: ३.५ ते ४.४, सव्वापाच दिवसांहून थोडा जास्त काळ. चढतो झपाट्याने, उतरतो रेंगाळत. दोन तुलनातारे अगदी शेजारी आहेत, त्यामुळे झटपट होतो. तिमिंगलातला मीरा हा रूपविकारी तारा सध्या नुसत्या डोळ्यांच्या आवाक्याबाहेर आहे. त्याचं चक्र ३३२ दिवसांच्या आसपासचं, म्हणजे मला इथे बराच काळ राहायला लागेल. त्याला माझी हरकत नाही.

दुर्बिणीच्या बैठकीसाठी या वेळी प्लायवुड घेतलंय, कडांना पॉलिश पाजून. खालचा गोल आणि बाजूच्या फळ्या कापून तयार आहेत, बैठक ज्यांवर घसरत फिरते ते टेफ्लॉनचे तुकडे बसवायचे बाकी आहेत. तुमच्यापैकी कुणी घरी बैठक केली असेल तर सांगा: तीन तुकडे अगदी कडेला लावू की थोडे आत? कडेला लावले तर फिरवायला जड जातं आणि आत घेतले तर डोलते, असं वाचलंय. आठ इंचीला यातलं कुठलं परवडतं?