जावाच्या खेड्यात जमीन घ्यायची म्हणताय?

इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या खेड्यात कोणी जमीन दाखवली, तर भाव विचारण्याआधी कागद कोणता ते विचारावं. उत्तर बहुधा तीनपैकी एक येतं: 'सेर्तिफिकात आहे', 'लेटर सी आहे', किंवा 'कागद गावात आहेत, काळजी नको'. तिसरं उत्तर आलं की चहा संपवून उठावं.

सेर्तिफिकात म्हणजे बीपीएन या भूमी कार्यालयाचं प्रमाणपत्र. लेटर सी हे गावदप्तरातलं करनोंदीचं पान. गिरिक आणि पेतोक ही त्याची भावंडं. ज्याला सातबारा माहीत आहे त्याला हे लगेच कळेल: महसूल कोणाच्या नावावर होता ते दिसतं, मालकी सिद्ध होतेच असं नाही. २०२१ च्या शासकीय नियम क्रमांक १८ ने अशा जुन्या कागदांची नोंदणी करून घ्यायला पाच वर्षं दिली, म्हणजे २ फेब्रुवारी २०२६ पर्यंत. त्यानंतर तो कागद मालकीचा पुरावा नव्हे, जमीन कोणाची होती याचा माग काढायचं साधन फक्त. म्हणून लेटर सी असेल तर प्रमाणपत्र आधी विकणाऱ्यानं काढावं, व्यवहार मग. 'दोन्ही एकदमच करू' यात अडकतो तो घेणारा.

आता परदेशी माणसाचा प्रश्न, कारण भारतीय पारपत्रावर तिथे राहणाऱ्यांना तो पहिल्याच दिवशी भेटतो. १९६० च्या मूळ भूमी कायद्यानुसार 'हाक मिलिक', म्हणजे पूर्ण मालकी, फक्त इंडोनेशियन नागरिकाला मिळते. निवास परवाना असलेल्या परदेशी व्यक्तीला 'हाक पाकाई', म्हणजे वापरहक्क, मिळू शकतो: आधी ३० वर्षं, मग २०, मग ३०. पण त्यासाठी सरकारनं ठरवलेली घराची किमान किंमत गावातल्या घराच्या कैक पट असते, तेव्हा खेड्यात हा रस्ता जवळपास बंदच. मग कोणीतरी हळूच सुचवतं, 'जमीन माझ्या नावावर घेऊ, आपसात करार करू.' हे करू नका. परदेशी व्यक्तीकडे मालकी वळवणारा व्यवहार त्याच कायद्याच्या कलम २६ नुसार रद्दबातल ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत.

नवरा किंवा बायको इंडोनेशियन असेल, तर मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार हवा. एरवी लग्नानंतर घेतलेलं ते दोघांचं धरलं जातं आणि मालकी हक्काला बाधा येते. हा करार पूर्वी लग्नाआधीच करावा लागे. संविधान न्यायालयाच्या २०१६ मध्ये जाहीर झालेल्या निकालापासून लग्नानंतरही करता येतो. हे काही लागू नसेल तर सरळ लांब मुदतीचा भाडेकरार, नोटरीसमोर. घरमालकानं जागा विकली तरी चालू भाडेकरार मोडत नाही, हे तिथल्या दिवाणी संहितेत आहे. तरी करारात मालकाच्या वारसांचा उल्लेख स्पष्ट घालून घ्यावा.

खरेदी करणारा इंडोनेशियन नागरिक असेल तर पुढचं ठरलेलं. खरेदीखत 'पेपेआते', म्हणजे जमिनीची खतं करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर होतं. दूरच्या तालुक्यात तालुक्याचा प्रमुख, चामात, हंगामी म्हणून ते काम बघतो. खताआधी त्याच्याकडून प्रमाणपत्राची बीपीएनमध्ये पडताळणी करून घ्यावी: गहाण, वाद, जप्ती तिथेच दिसते. सही झाल्यावर कागदपत्रं सात कामकाजाच्या दिवसांत बीपीएनकडे गेली पाहिजेत.

पैशांचं गणित साधं आहे, पण बोलून घेतलं नाही तर कडू होतं. समजा किंमत २० कोटी इंडोनेशियन रुपिया. घेणाऱ्याचा कर किमतीतून ८ कोटी वजा करून उरलेल्यावर ५ टक्के, म्हणजे ६० लाख (वजावट काही जिल्ह्यांत जास्त असते). विकणाऱ्याचा कर २.५ टक्के, म्हणजे ५० लाख. पेपेआतेची फी जास्तीत जास्त १ टक्का. गावातला विकणारा बहुधा 'तेरिमा बेर्सिह' म्हणतो, म्हणजे माझ्या हातात इतके निव्वळ. त्याचा अर्थ सगळे कर तुमच्या अंगावर. हे भाव ठरतानाच धरावं.

घात होतो तो वारसांपायी. आजोबांच्या नावची जमीन, सात मुलं, एक जकार्तात, एक सुमात्रात, एकाचा पत्ता नाही. सगळ्यांच्या सह्या लागतात. शिवाय विकणाऱ्याच्या बायकोची किंवा नवऱ्याचीही. नुसत्या पावतीवर आणि सरपंचाच्या शिक्क्यावर झालेला व्यवहार विकणारा जिवंत असेतो चालतो, मग नातवंडं दारात येतात. शेजाऱ्यांना बोलावून हद्दीचे खुंट मोजून घ्यावेत. काही गावांत अजून 'उबिन'मध्ये मोजतात: एक उबिन म्हणजे साधारण १४ चौरस मीटर.

'तानाह बेंगकोक' कोणी दाखवली तर ती गावच्या अधिकाऱ्यांना पगाराऐवजी कसायला दिलेली गावाची जमीन. ती विकायचा अधिकार त्यांना नसतो. भातखाचर असेल तर आणखी दोन अडचणी: घर बांधायला वापरबदल लागतो, आणि संरक्षित शेतीक्षेत्रात असेल तर तो होत नाही, शिवाय शेतजमिनीच्या मालकानं त्याच तालुक्यात राहावं असा साठच्या दशकातला नियम आहे. घरासाठी 'पेकारांगान', म्हणजे परसू, म्हणून नोंदलेलीच जागा बघा. रस्त्याला लागून आहे का तेही. गल्ली अरुंद असेल तर ट्रक कोपऱ्यावरच थांबतो, आणि वीट-वाळू डोक्यावरून वाहून आणायचा 'लांगसिर'चा खर्च अंदाजपत्रकात कोणी धरत नाही.

बांधकामाबद्दल एकच ठासून सांगतो. २७ मे २००६ ला पहाटे योग्याकर्ताजवळ भूकंप झाला, ५,७०० हून अधिक माणसं गेली. बांतुल आणि क्लातेन या जिल्ह्यांत माणसं दगावली ती मुख्यतः सळई नसलेल्या विटांच्या भिंतींखाली. सरकारचं साध्या घराचं किमान माप पाठ करून ठेवा: जोत्याची तुळई १५ बाय २० सेंमी, कॉलम १५ बाय १५, वरची पट्टी १२ बाय १५, मुख्य सळई १० मिमी, रिंगा ८ मिमीच्या आणि दर १५ सेंमीवर, काँक्रीट (सिमेंट, वाळू, खडी) १:२:३. कोपऱ्यात सळई वाकवून पलीकडच्या पट्टीत शिरली पाहिजे. गवंडी इथेच हात आखडतात. सळई व्हर्नियरने मोजून घ्यावी, कारण दुकानात १० म्हणून मिळते ती ८ देखील निघते. विहीर आणि शौचाची टाकी यांत किमान १० मीटर अंतर ठेवा. गुनुंगकिदुलसारख्या चुनखडीच्या डोंगराळ भागात विहिरीची आशाच कमी. कोरड्या हंगामात पाणी टँकरने विकत येतं, म्हणून छपराचं पाणी साठवायची टाकी आधी बांधावी.

विजेचं मीटर बहुतेक आगाऊ भरायचं: २० आकडी क्रमांक टाकला की युनिट जमा. ९०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेच्या जोडणीत ४ अँपिअर मिळतात, म्हणजे भाताचा कुकर आणि इस्त्री चालू असताना पंप सुरू झाला की अंधार. १,३०० घ्या.

राहायला आलात की 'पाक आरटी', वस्तीच्या प्रमुखाकडे, चोवीस तासांत ओळखपत्र दाखवायचं. पाट्यांवर तसं लिहिलेलंच असतं. रात्रीच्या गस्तीत पाळी येते. घराबाहेर टांगलेल्या डब्यात मूठभर तांदूळ किंवा नाणी ठेवायची, गस्तवाले ती गोळा करतात. याला जिंपितान म्हणतात, आणि रक्कम क्षुल्लक असली तरी रिकामा डबा लक्षात राहतो. लग्नात पाकीट द्यायचं, त्याची वही असते, अगदी आपल्या आहेराच्या वहीसारखी, आणि परतफेड त्याच हिशोबानं. बायका आदल्या दिवसापासून स्वयंपाकाला जातात, ते 'रेवांग'. वडीलधाऱ्यांसमोरून जाताना किंचित वाकून 'न्युवुन सेवु', म्हणजे 'माफ करा', म्हणावं.

प्रवासात शेवटचे पंधरा किलोमीटर महाग. जकार्ताहून योग्याकर्ता, कुतोआर्जो किंवा पुर्वोकर्तोपर्यंत रेल्वे उत्तम. पुढची छोटी बस मात्र अंधार पडायच्या आत थांबते, आणि ॲपवरचा दुचाकीवाला गावात सोडायला येतो, पण गावातून न्यायला मिळत नाही. परतीचा माणूस उतरतानाच ठरवून त्याचा नंबर घ्यावा. रस्त्याकडेला बाटलीतून पेट्रोल मिळतं, पंपापेक्षा थोडं महाग. बाजाराचा दिवस आठवड्यावर नव्हे, लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन या पाच दिवसांच्या चक्रावर येतो. म्हणून 'मंगळवारी बाजार असतो का?' असं विचारलं तर उत्तर गोंधळाचं मिळतं, 'पाहिंगला असतो का?' असं विचारलं की नीट.