दोन उजवे हात
आज सुट्टी होती तर लातूरला घरी धाकट्या भावासोबत २०२५ च्या सीझनचे हायलाइट्स बघत बसलो, एफवनच्या कार रेस, मोटोजीपीच्या बाईक रेस, रॅली सगळंच. एफवनला नॉरिस फक्त २ पॉइंटनं चॅम्पियन झाला, ओजिएचं रॅलीतलं नववं टायटल, भारीच की. पण जीव अडकला तो मोटोजीपीवाल्या मार्केझ आन् कार रेसर कुबित्सात. मार्केझचा उजवा दंड २०२० ला हेरेझच्या रेसमध्ये मोडला, ४ ऑपरेशनं झाली, आन् २०१९ नंतर डायरेक्ट २०२५ ला जपानच्या मोतेगीत पुन्हा चॅम्पियन, लई रडला गडी. कुबित्साचा तर उजवा हात २०११ च्या रॅलीत तुटायचाच राहिला होता, आन् त्याच माणसानं पिवळी फेरारी घेऊन ल मां जिंकलं, म्हणजे ड्रायव्हर आलटून-पालटून चालवतात ती २४ तासांची रेस, शेवटी गाडीत पण तोच होता! भाऊ म्हणायलाय नॉरिसच मोठा, मी म्हणलो नाही बाबा, माझ्यासाठी कुबित्साच.