पावसातली खो-खोची टीम

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका समितीचा व्हॉट्सॲपवर निरोप आला, "ताई, तुमच्या बॅचच्या यशाची यादी पाठवा. स्पर्धा, क्रमांक, वर्ष एवढंच." यादी करायला बसले तर अर्ध्या पानात आटोपली. खो-खो, तालुक्यात पहिला नंबर, दोनदा. प्रतिभा कारंजी, म्हणजे शाळांची पाठांतर-भाषण-गाण्यांची स्पर्धा, जिल्ह्यापर्यंत. ड्रॉइंगच्या लोअर परीक्षेला बसलेली सगळी पास. एस.एस.एल.सी.ला, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीला, 2009 साली एका मुलीला 625 पैकी साडेपाचशेच्या वर गुण. संपलं. मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत हिशेब बघते, रकाने भरण्यातच दिवस जातो, तरी हे चार रकाने बघून समाधान होईना. यादी समितीकडे पोचली आहे, ती मागच्या पानावर येईल. इथं मी खो-खोबद्दल लिहिते. त्या टीममधल्या मुली लग्न होऊन कुणी चंदगडला, कुणी गोव्याला, कुणी खानापुरात गेल्या आणि आज शाळेत कपाटातली ढाल बघणाऱ्या पोरांना ती कुणी आणली हे सांगायला गावात फारसं कुणी राहिलेलं नाही.

आम्ही जून 2006 मध्ये आठवीत आलो. कर्नाटकात आठवीच्या मुलांना सरकारी सायकली मिळायला लागल्या त्या त्याच वर्षापासून. सायकलीचा आणि खो-खोचा काय संबंध, असं कुणी विचारेल. जंगलाकडच्या वाड्यांवरच्या मुली तोवर शाळा सुटली की घोळक्यानं चालत निघायच्या. वाटेत अस्वलाची भीती, त्यामुळं पाचनंतर थांबायचा प्रश्नच नव्हता, आणि सातवी झाली की कितीतरी जणींची शाळाच सुटायची. सायकली आल्या आणि याच मुली अर्धा-पाऊण तास जास्त थांबू लागल्या. आमच्या पी.टी.च्या सरांनी हे बरोबर हेरलं. टीममधल्या बारापैकी निम्म्याहून जास्त वाड्यांवरच्या होत्या, आणि पळायला त्यांच्याइतकं चिवट कुणी नव्हतं. लहानपणापासून रोज चढ-उतार चालून पोटऱ्या तयार झालेल्या.

खरी अडचण पावसाची. आपल्याकडे शाळांच्या तालुका स्पर्धा ऑगस्टच्या आसपास होतात. जिल्ह्याच्या पूर्वेला तेव्हा भुरभुर असते, आणि खानापूरच्या पश्चिमेला मात्र जून-जुलैत आभाळ फाटलेलं. आपलं मैदान उतारावर. वरच्या माळाचं सगळं पाणी मैदानातून रस्त्यावर उतरायचं आणि जाताना मधली पाटी, म्हणजे दोन खांबांमधला बसायचा पट्टा, धुऊन न्यायचं. सर चुन्याऐवजी राखेनं रेषा आखायचे, आमचा सराव सुरू होईपर्यंत ती राख वाहून खांबापाशी जमा झालेली असायची. खांब म्हणजे निलगिरीचे दोन बुंधे, तासून गुळगुळीत केलेले. ते तासायचं आणि दरवर्षी रोवायचं काम आमच्याच वर्गातल्या एका मुलाकडे होतं. त्याचा उल्लेख पुढे येणार आहे.

ज्यांनी खो-खो नुसता बघितलाय त्यांना चिखलातल्या खो-खोची कल्पना येणार नाही. आठजणी चौकात आळीपाळीनं उलटसुलट तोंडं करून बसतात, नववी पाठलाग करते. पळणारीला कुठूनही घुसता येतं. पाठलाग करणारीला एकदा धरलेली दिशा सोडता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही. म्हणजे सगळा खेळ वळण्याचा आणि थांबण्याचा, आणि चिखलात नेमकं तेच दोन्ही जमत नाही. पाय घसरला की पाटी ओलांडली, शिट्टी. सरांनी यावर उपाय काढला. पावलं लहान टाका, अंगाचा भार पुढे ठेवा, खो देताना पाठीवर हात टेकवूनच ओरडा. खांबाजवळ आली की एका हातानं खांब धरून अंग पूर्ण लांब सोडायचं, पोटावर. पहिल्यांदा मी तसा सूर मारला तेव्हा नाकातोंडात चिखल गेला. सर बाजूला छत्री धरून उभे. "काय गं, पाऊस बघून थांबायलीस होय? मॅचच्या दिवशी पावसाला सांगून येणार आहेस की काय?"

घरच्यांना पटवणं हा वेगळाच सामना. जुलैत रोपलावणी. त्या दिवसांत घरात जेवढे हात असतील तेवढे कमीच पडतात, आणि पोरगी मैदानात पळत्येय हे कुणाच्या आईला रुचणार? माझी आई सरळ म्हणाली, "पळून काय दिवे लावणार आहे ही? रोपं कोण लावणार?" सर घरोघरी जायचे. चहा नको म्हणायचे नाहीत, घाई करायचे नाहीत, आधी भाताचं विचारायचे, कुठलं बी टाकलं, गादीवाफ्यात रोप कसं आलंय. मग विषय काढायचे. एका घरी त्यांनी चक्क सौदा केला, मुलगी सकाळी शेतात, दुपारपासून शाळेत, हजेरीचं मी बघतो. नियमात बसत होतं की नाही देव जाणे. ती मुलगी आमची सगळ्यात चांगली पळणारी निघाली, एकदा आत गेली की दोन-अडीच मिनिटं कुणाच्या हाती लागायची नाही.

कपड्यांचंही झालंच. पहिल्या वर्षी आम्ही गणवेशाची सलवार-कमीज घालून, ओढणी कमरेला बांधून खेळलो. ओली सलवार पायात अडकून दोघी बाद झाल्या. पुढच्या वर्षी गावातल्या एका वीटभट्टीवाल्या काकांनी ट्रॅक पँटी दिल्या, सगळ्या एकाच मापाच्या. नाडी आवळून, खाली घडी घालून आम्ही त्या घातल्या. त्यावरही देवळासमोरच्या कट्ट्यावर चर्चा झाली. ती काय झाली ते लिहीत नाही, बोलणाऱ्यांच्या नाती आता तशाच पँटी घालून शाळेत येतात.

तालुक्याची पहिली ढाल आम्ही अर्थातच चिखलात जिंकली. बाकीच्या टीम घसरत होत्या, आम्ही घसरण्यासकट सराव केलेला. पण जिल्ह्याला बेळगावात गेलो त्या दिवशी लख्ख ऊन, मैदान वाळलेलं, आणि समोर रामदुर्गकडची टीम. कोरड्या कडक जमिनीवर वाढलेल्या मुली. आम्ही लहान पावलं टाकत बसलो आणि त्या आमच्या बाजूनं वाऱ्यासारख्या निघून गेल्या. सूर मारले तर गुडघे सोलून निघाले. पहिल्याच फेरीत बाहेर. आमची सगळी विद्या चिखलात राहिली. परतीच्या टेम्पोत सर एवढंच म्हणाले, "सुगी झाली की बघू."

आणि सुगी झाल्यावर त्यांनी खरंच बघितलं. डिसेंबरात भात कापून रिकाम्या झालेल्या एका शेतात आम्ही धसकटं उपटून, ढेकळं फोडून, बैलांचा रूळ फिरवून मैदान तयार केलं. शेत होतं आमच्या कॅप्टनच्या काकांचं. कोरड्या जमिनीवर वेगानं येऊन एकदम वळायचं कसं, हे तिथं शिकलो. दहावीच्या वर्षी आम्ही तालुका चिखलात आणि जिल्हा उन्हात, दोन्ही जिंकून विभागीय स्पर्धेला गेलो. (जिल्ह्याची ढाल कुणाच्या तरी कार्यकाळात गहाळ झाली, म्हणून ती कपाटात नाही आणि समितीच्या यादीतही नव्हती. आता आहे, मी लिहिली.) विभागात सिरसीकडच्या मुलींनी हरवलं. त्या पावसातल्याच होत्या, त्यांना काय शिकवणार.

स्पर्धेच्या ठिकाणी सगळा कारभार कन्नडमधून. नावं पुकारणं, पंचांच्या सूचना, तक्रार करायची तर तीही. आमच्यातल्या बहुतेकींचं कन्नड म्हणजे पुस्तकातले धडे. म्हणून आमच्या कन्नडच्या बाई खेळाशी काही संबंध नसताना टीमबरोबर यायच्या. त्या बैलहोंगलकडच्या, लग्न होऊन बेळगावात आलेल्या, मराठी आमच्याकडूनच शिकलेल्या, त्यामुळं रागावल्या की थेट आमच्या आयांसारखं बोलायच्या. विभागाला एका निर्णयावरून त्या पंचांशी अशा भांडल्या की समोरच्या टीमचे सरही गप्प झाले. निर्णय काही बदलला नाही.

प्रतिभा कारंजी हे खरं त्यांचंच काम. आधी केंद्र पातळी, मग तालुका, जिल्हा, राज्य अशी ती स्पर्धा वर चढत जाते. पाठांतर आणि भाषण मराठीतही असतं, त्यात आपली शाळा पुढं असणं साहजिक. पण बाईंनी दोन मराठी घरातल्या मुलींकडून बसवण्णांची वचनं गाऊन घेतली आणि लोकगीतासाठी एकीच्या आजीकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या. आजी लिहून द्यायला तयार नव्हती. जात्यावर बसल्याशिवाय आठवत नाही म्हणाली, म्हणून मुली जात्यापाशी बसल्या, आजीनं अर्धी पायली नाचणी दळली आणि वह्या भरल्या. परीक्षकांना ओव्या कळाव्यात म्हणून बाईंनी त्यांचा अर्थ कन्नडमध्ये लिहून आधीच हातात दिला. जिल्ह्याला ओव्यांना दुसरा नंबर मिळाला. वचनांना काही नाही.

1 नोव्हेंबरला आपल्या भागात घराघरांत काय वातावरण असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेत कर्नाटकाचा राज्योत्सव, गावात सीमाप्रश्नाचा काळा दिन. त्या दिवशी कोण आलं, कोण नाही, हे कन्नडच्या बाईंनी आम्हाला दुसऱ्या दिवशी कधीच विचारलं नाही. धडा पुढे सुरू करायच्या. मला आज वाटतं, तेवढ्यानंच आमच्यातल्या कितीतरी जणांना कन्नडमध्ये चांगले गुण पडले.

सेवादलाची पांढरी टोपी, कडोलीच्या साहित्य संमेलनाच्या ग्रंथदिंडीत खेळलेलं लेझीम, विज्ञान प्रदर्शनात ऐन वेळी न चाललेला पाण्याचा पंप, नंदगडला क्रांतिकारक संगोळ्ळी रायण्णांच्या समाधीपर्यंत गेलेली सायकलफेरी, हे सगळं झालं. माध्यान्ह आहाराच्या अक्का टीमला सांबारातल्या भाज्या निवडून वाढायच्या तेही झालं. बाकीच्यांनी त्यावर लिहिलं असेलच.

एस.एस.एल.सी.बद्दल मात्र थोडं. दहावीला जानेवारीपासून रात्रीची अभ्यासिका असायची. मुलं शाळेतच झोपायची, मुली शाळेजवळच्या घरांतून. वीज गेली की गॅसबत्ती. पहिली भाषा मराठी 125 गुणांची, बाकी पाच विषय 100 गुणांचे, आणि सगळ्यांची भीती एकाच विषयाची, गणिताची. त्या वर्षी निकाल काही शंभर टक्के लागला नाही, कारण गणितात काहीजण गेले. मला त्याचं वाईट वाटत नाही. शंभर टक्क्यांचा फलक लावायचा म्हणून कच्च्या पोरांना परीक्षेला बसूच न देणाऱ्या शाळा पुढे मी बघितल्या. आपल्या हेडमास्तरांनी सगळ्यांचे फॉर्म भरले. गणितात गेलेल्यांत तो खांब रोवणारा मुलगाही होता. सरांनी त्याला मे महिनाभर आपल्या घरी बसवून गणित करून घेतलं, जूनच्या पुरवणी परीक्षेत तो सुटला. त्याचं नाव कुठल्या यादीत नाही. आज त्याचे दोन जेसीबी आहेत, तालुक्यातली निम्मी तळी त्यानं खोदली असं तो स्वतःच सांगतो. निम्मी नसतील, पण बरीच.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या मुलींनी नेपाळला 78-40 असं हरवलं. त्या टीममध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या कुरुबूर गावची चैत्रा बी. होती. मी फोनवर मॅच बघितली, बघता बघता ऑफिसातल्या टेबलाखाली पाय हलत होते. आता वरच्या स्पर्धा मॅटवर होतात, आणि समितीच्या ग्रुपवर कुणीतरी लगेच लिहिलं, सुवर्णमहोत्सवानिमित्त शाळेला मॅट देऊया. कल्पना चांगली आहे. पण मी गेल्या पावसाळ्यात शाळेत जाऊन आले. वरच्या माळाचं पाणी अजून मैदानातूनच उतरतं. त्या चिखलात मॅट अंथरली तर पहिल्या पावसातच ती रस्त्याला लागेल.

म्हणून आधी माळाच्या बाजूनं आडवा चर खणून पाणी ओढ्याकडे वळवायचं, मग मॅटचं बघू. आमच्या खांबवाल्याशी बोलणं झालंय, मेच्या पहिल्या आठवड्यात तो मशीन आणतो म्हणाला, भाडं घेणार नाही. डिझेलचे पैसे 2009 ची बॅच देईल. शाळेनं फक्त कुंपणाची एक बाजू काढून ठेवावी, मशीन आत यायला.